नाईलच्या बोटीवरचे आबा

आमचे घरमालक आबा कुठल्याही उंबऱ्याशी आले की थांबत, चपला काढत आणि खणखणीत हाक मारत, "शे का कोनी घरमा?" घरात कोणी आहे का, म्हणून. दुसऱ्याच्या घराचं ठीक आहे हो, पण हा माणूस स्वतःच्या घरातसुद्धा हाक मारल्याशिवाय शिरायचा नाही. आत अक्का, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापत असायच्या. त्या तिथूनच "या" म्हणायच्या, मग हे आत. बँकेत तेच, पोस्टात तेच, दातांच्या डॉक्टरकडे तेच. एकदा एटीएमच्या काचेच्या खोलीबाहेर चपला काढून उभे असलेले मी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आत कोणी नव्हतं, म्हणजे 'या' म्हणणारंही कोणी नव्हतं, तर गृहस्थ तसेच परत फिरले.

हसू नका. मीही खूप हसलोय, आणि त्याचंच मला आता काय करावं ते कळत नाही.

धुळ्याला देवपूरमध्ये त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. आबा मला 'मास्तर' म्हणत, आणि ते मला अजिबात आवडत नसे. प्राध्यापक होतो मी. इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरावा आणि खाली यांनी अंगणातून "मास्तर, निंघनात का?" म्हणून विचारावं. शेजारपाजारचे ऐकताहेत. मी नुसती मान हलवून सटकायचो. बायको म्हणायची, एवढी पीएचडी झाली तरी एका शब्दानं तुमचा पापड मोडतो.

पण माझ्या वर्गात माझं जेवढं ऐकलं गेलं नाही तेवढं या माणसानं ऐकलंय. मला सकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालत लेक्चर मोठ्यानं म्हणून बघायची सवय होती. खाली आबा झाडांना पाणी घालत असत. पहिल्या वर्षाला प्राचीन संस्कृतींचा पेपर होता आणि त्यातलं इजिप्त हे माझं हुकमी प्रकरण. नाईल, तिचा पूर, देवळं, राजांची थडगी. वर्षाला एकदा हे प्रकरण गॅलरीत व्हायचं आणि आबा वर्षाला एकदा ते ऐकायचे. पाइपचं पाणी एकाच कुंडीत वाहत राहायचं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी वेळ वाचवायला थडग्यांपासून सुरुवात केली, तर खालून आवाज आला, "मास्तर, मांगला सालले नदी पहिले उनी व्हती." मागच्या वर्षी नदी आधी आली होती म्हणे. मी चिडलो. पण वर्गात गेल्यावर नदीपासूनच सुरू केलं, कारण आबांचं बरोबर होतं.

अक्कासुद्धा ऐकायच्या, पण त्यांना एकच गोष्ट हवी असायची, इसिस देवीची. तिच्या नवऱ्याला भावानंच मारलं, तुकडे करून फेकले, आणि ही बाई गावोगाव, नदीकाठानं हिंडून एकेक तुकडा गोळा करते. ते आलं की खालचा भाकरीचा आवाज थांबायचा. एकदा जिन्याशी येऊन पदर सावरत त्यांनी मला विचारलं, सगळे तुकडे सापडले का तिला? मी म्हणालो, एक सोडून सगळे. कोणता राहिला, त्यांनी विचारलं. आता तो कोणता हे मी त्या माउलीला काय कपाळ सांगणार? घाईघाईनं विषय बदलला. अक्का मात्र कितीतरी दिवस त्या राहिलेल्या तुकड्याची हळहळ करत होत्या.

पुढे आम्ही स्वतःचा बंगला बांधला, मी निवृत्त झालो, अक्का गेल्या. तीस वर्षं जे तोंडानं शिकवलं ते डोळ्यांनी बघायचंच असं मी ठरवलं आणि टूरवाल्यांकडे दोघांचं बुकिंग केलं. निघायला तीन आठवडे राहिले असताना मुलीच्या बाळंतपणाची तारीख अलीकडे आली. बायको बंगळुरूला गेली आणि जाताना म्हणाली, माझ्या जागी आबांना न्या. मला वाटलं, ते कसले येतात. शहात्तर वर्षांचा माणूस, शिरपूर आणि नाशिक सोडून कधी कुठे गेला नाही. सहज म्हणून विचारायला गेलो तर आबा म्हणाले, "मी येसू तुमनासंगे. तुमी सांगशात, मी आयकसू."

तुम्ही सांगाल, मी ऐकेन. बास, एवढ्यासाठी ते आले. ना पिरॅमिड, ना विमान, ना बोट.

आणि आणखी एक काम होतं. लक्सरला आम्ही बोटीवर चढलो तेव्हा केबिनमध्ये त्यांनी बॅगेतून एक खण काढून दाखवला. हिरवा, जरीच्या काठाचा, अक्कांच्या पेटीत घडीचा राहिलेला. त्यात हिरव्या बांगड्या आणि पुरचुंडीत तांदूळ. त्या तुकडे गोळा करणाऱ्या देवीची ओटी भरायची, असं अक्का म्हणाल्या होत्या म्हणे. पुरुषानं ओटी भरू नये हे आबांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला समजावून सांगितलं की ओटी अक्काची आहे, आपण फक्त पोचवणारे. "तठे गयात का ती कोन्ती, ते दखाडी द्या, बस," म्हणाले. मी म्हणालो, अहो दाखवतो ना. त्यात काय एवढं.

आमच्या ग्रुपमध्ये बावीस माणसं. बहुतेक पुण्याची, काही नाशिकची, एक जोडपं चेन्नईचं. गाईड तिथलाच, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण, इंग्रजीत भराभर बोलायचा. टूर मॅनेजर मधूनमधून हिंदीत दोन वाक्यं टाकायचा, तीही जेवणाची वेळ सांगायला. त्यामुळे कर्नाकच्या देवळात गाईडच्या बोलण्यात मी एकदोन गोष्टींची भर घातली तशी मंडळी माझ्याभोवती जमली. तुम्हीच सांगा हो मराठीतून, म्हणाली. पुण्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या तर वही काढून टिपणंच घ्यायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मी हवेत तरंगायला लागलो. धुळ्याच्या कॉलेजात शेवटची दहा वर्षं मागच्या बाकावरची पोरं माझ्या तासाला मोबाईल बघायची. इथे बायका वही घेऊन माझ्यामागे.

आणि नेमके तेव्हा देवळाच्या दाराशी आबा चपला काढून उभे. धोतर, पांढरी टोपी, हातात चपला, आणि त्या अजस्र खांबांच्या मधोमध तोंड करून हाक, "शे का कोनी घरमा?" आवाज घुमला. पहारेकरी हसायला लागले, परदेशी लोकांनी कॅमेरे वळवले. नाशिकचा एक बिल्डर होता, त्यानं लगेच व्हिडिओ काढला. टूर मॅनेजरनं सांगितलं की इथे चपला चालतात, आबांनी त्याला सांगितलं की देऊळ आहे, देव असो नसो, घर तर त्याचंच आहे. मग ते तापलेल्या फरशीवर अनवाणी माझ्याकडे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, मास्तर, नदी पहिल्यांदा सांगा. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

राजांच्या थडग्यांकडे गेलो तेव्हा तर आबा आत यायलाच तयार होईनात. तिकीट हातात, रांग लागलेली, आणि हे बाहेर दगडावर बसले. "तो जपेल शे. आपुन कसाले उठाडो त्याले?" म्हणाले. झोपलेल्याला उठवायचं नाही. बिनविचारता कुणाच्या घरात घुसायचं नाही ही त्यांची जन्माची शिस्त, आणि मेलेला माणूस तर 'या' म्हणू शकत नाही. आज लिहिताना मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जगभरची माणसं त्या बिचाऱ्या राजांच्या खोल्यांत घाम पुसत घुसताहेत आणि एक शिरपूरकडचा म्हातारा बाहेर उन्हात बसून राहतो. पण तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की बावीस माणसं बघताहेत आणि हा माणूस माझ्याबरोबर आलाय.

त्या संध्याकाळी बोटीच्या गच्चीवर सगळे चहाला बसले होते. दोन्ही काठांना केळीच्या बागा सरकत होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, ते टोपीवाले गृहस्थ तुमचे कोण?

मी म्हणालो, "कोणी नाहीत. टूरवाल्यांनी रूम पार्टनर दिलाय."

बोललो आणि मागे हालचाल जाणवली. आबा दोन हातांत दोन कप घेऊन उभे होते. माझ्यासाठी चहा आणला होता, बिनसाखरेचा, मला साखर आहे म्हणून. त्यांनी ऐकलं नसेल असं मी आजवर स्वतःला पटवू शकलेलो नाही. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला, म्हणाले, "साहेब, चहा." आणि आपला कप घेऊन पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

साहेब! अकरा वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो असा आला. उठून जावं, त्यांच्या शेजारी बसावं, एवढंच करायचं होतं. मी बसून राहिलो आणि बाईंना देवळांच्या खांबांबद्दल सांगत राहिलो.

तेव्हापासून आबांनी माझं खोटं माझ्यापेक्षा नेटानं पाळलं. चारचौघांत 'साहेब', जेवायला वेगळं टेबल, बसमध्ये शेवटची सीट. केबिनचं दार लावलं की पुन्हा 'मास्तर', माझ्या गोळ्या काढून ठेवणं, पाणी भरून ठेवणं. त्या प्रसंगाबद्दल चकार शब्द नाही. रागावले असते तर मी माफी तरी मागितली असती. पण ते रागावलेच नव्हते. माझी अडचण त्यांनी समजून घेतली होती, आणि ते मला जास्त लागत होतं. केबिनमध्ये बसून मी त्यांना दिवसभराचं सांगू शकलो असतो. दमलोय म्हणून मी कूस बदलून पडायचो. खरं म्हणजे त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

इथपर्यंतचं मी दोनतीन जणांना सांगितलंय, थोडं हसत, थोडं स्वतःला नावं ठेवत. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

एदफूला ससाणादेवाचं मोठं देऊळ आहे. तिथे आतल्या चौकात मी मंडळींना मराठीतून समजावत होतो. बोलता बोलता माझी नजर खाली गेली. शेजारच्या खांबाआडून दोन पावलं दिसत होती. अनवाणी, टाचा फुटलेल्या, मधल्या बोटाशी फोड आलेला. आबा खांबाला पाठ लावून उभे होते आणि ऐकत होते. आमच्यात येत नव्हते, मला लाज आणत नव्हते, पण ज्यासाठी आले होते ते ऐकून तर घेत होते. मला कुणी पाहिलं का म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. बाई त्याच दिशेला बघत होत्या. आणि मी काय केलं असेल? मी म्हणालो, चेन्नईच्या मंडळींना कळत नाही, त्यांच्यावर अन्याय होतोय, आपण इंग्रजीत बोलू या.

चेन्नईचं जोडपं चार दिवस गाईडचं ऐकत होतं, त्यांची काही तक्रार नव्हती. मी इंग्रजीत सुरू केलं. दोन मिनिटं पावलं तिथेच होती. मग ती वळली आणि गेली.

काय म्हणावं मला? तुम्ही म्हणा काय ते. मी म्हणून पाहिलंय, पुरत नाही.

शेवटी अस्वानला पोचलो. इसिसचं देऊळ बेटावर आहे, छोट्या होडीनं जावं लागतं. सकाळी केबिनमध्ये आबांनी आंघोळ करून टोपी झटकली, खण एका रुमालात बांधला आणि मला विचारलं, आज देवी ना? मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, तिथे गेल्यावर हळूच दाखवू, कुणाचं लक्ष नसताना.

पण लक्ष नसण्याची वेळ आलीच नाही, किंवा मी येऊ दिली नाही. मोठ्या देवळाच्या आवारात मंडळी मला घेरून होती. आबा लांब उभे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं, आणि मी मान खाली घालून बाईंच्या वहीत एका राजाचं नाव नीट लिहून दिलं. वर पाहिलं तर आबा बाजूच्या लहान देवळाकडे चालले होते. ते इसिसचं नाही. ते हाथोर नावाच्या दुसऱ्या देवीचं. छोटंसं, मोकळं, खांबांवर वाजंत्रीवाले कोरलेत, एक माकडसुद्धा वाद्य वाजवतंय. देवीचं घर म्हटल्यावर कुणालाही तेच वाटेल. आमच्याकडच्या देवीच्या ठाण्याशी असते तशी सगळी वाजतगाजत मंडळी तिथे होती. आबांनी चपला काढल्या. हाक मारली, मला ऐकू आली. रुमाल सोडून खण दगडावर ठेवला, बांगड्या ठेवल्या, तांदूळ ठेवले आणि डोळे मिटून उभे राहिले.

साठ पावलांवर होतो मी. "आबा, ती नव्हे, इकडे," एवढं म्हणायचं होतं. त्यासाठी आधी 'आबा' म्हणावं लागलं असतं.

गाईडनं त्यांच्याच मोबाईलवर त्यांचा फोटो काढून दिला. पहारेकऱ्यानं खण उचलून बाजूला ठेवला. परतीच्या होडीत आबा प्रसन्न होते. काम झालं असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

धुळ्याला आल्यावर त्यांनी बंगळुरूहून चार दिवस आलेल्या माझ्या बायकोला सांगितलं की मास्तरांनी फार सांभाळलं. बायकोनं मला पुरणपोळी करून वाढली. मी खाल्ली.

दीडेक महिन्यानं एका दुपारी फाटकाशी हाक आली. बायको पुन्हा बंगळुरूला गेलेली, घरी मी एकटा. आबा आत आले, सोफ्यावर बसले नाहीत, खाली सतरंजीवर बसले आणि पिशवीतून स्टुडिओत छापून आणलेले फोटो काढून माझ्यापुढे ओळीनं मांडले. सगळी देवळं होती त्यात, वाकडीतिकडी, कुठे नुसतेच खांब, कुठे आमच्या ग्रुपच्या पाठी. मग म्हणाले, "मास्तर, आते आठे कोनी नही. आते सांगा."

इथे कोणी नाही, आता सांगा. त्यात टोमणा नव्हता हो. त्यांना खरोखरच वाटत होतं की एवढीच अडचण होती आणि आता ती संपली.

पहिलाच फोटो त्या लहान देवळाचा होता. ते डोळे मिटून उभे, समोर हिरवा खण. त्यांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, हीच ना ती? हो म्हणालो असतो तर झालं असतं. जिभेवर आलंच होतं. पण अकरा वर्षं ज्यानं माझा शब्द न् शब्द खरा मानला त्याला निदान हे एक खरं सांगावं, असं वाटलं. की मलाच हलकं व्हायचं होतं? कोण जाणे. मी सांगितलं, आबा, ती ही नव्हे. ती शेजारच्या मोठ्या देवळात होती. तुम्ही खण ठेवला तेव्हा मी बघत होतो.

"दखत व्हतात?"

"हो."

"मंग माले सांगं का बरं नही?"

मी म्हणालो, "लोक होते, आबा."

त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग मान हलवली, कारण पटल्यासारखी. "हा. लोक व्हतात," म्हणाले. नंतर त्यांनी विचारलं, दोघींची घरं अगदी लागून का? मी म्हणालो, हो, एकाच आवारात. मग चिंता नाही, ते म्हणाले. घरात कोणी नसलं की आपण सामान शेजारणीकडेच देतो ना, घरचे आले की ती पोचवते. अक्काचा खण कुठे जात नाही.

त्यांनी तो फोटो बाजूला ठेवला आणि पुढचा माझ्यासमोर सरकवला.

"आते हाई सांगा."

मी सांगितलं. नदीपासून सुरू केलं आणि सगळं सांगितलं, एकेक फोटो घेऊन, मराठीत, दीड तास. मधे त्यांनी तीनचार शंका विचारल्या, मी उत्तरं दिली. त्या सबंध वेळात आबांनी एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही, ते फोटोंतच बघत होते. आणि मला तेच बरं वाटत होतं.